आज्ञा गेली, पण पोहोचली का? अंगावरच्या ट्रान्समीटरसाठी मिळणाऱ्या रिमोटचं परीक्षण

शूटिंगच्या सेटवर कलाकाराला लेपल (कपड्यांत लपवायचा छोटा माइक) लागून कॉश्च्युम चढला की त्याचा आवाज रेडिओवरून पाठवणारा ट्रान्समीटर आपल्या, म्हणजे साऊंड रेकॉर्डिस्टच्या, हाताबाहेर जातो. तो घोट्याला बांधलेला असतो, मांडीच्या पट्ट्यात असतो, कॉर्सेटच्या मागे असतो, नाहीतर विगखाली. त्यानंतर गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) चार डीबीने (डेसिबलने) उतरवायचा म्हटलं तरी कलाकाराला बाजूला घ्या, हुक सोडा, पट्टा फिरवा, पुन्हा हुक लावा आणि कॉश्च्युमवाल्यांनी सुरकुत्या काढेपर्यंत थांबा. लायटिंग तयार असताना फर्स्ट एडी (पहिला सहायक दिग्दर्शक) एवढा वेळ देत नाही. दर शॉटला कुणीतरी कपड्यात हात घालावा हे कलाकारालाही नको असतं, आणि ते अगदी रास्त आहे.

यावर उपाय म्हणून आज तीन प्रकारचे रिमोट मिळतात. पहिला आवाजाने बोलतो, दुसरा वेगळ्या रेडिओ दुव्यावरून आणि तिसरा फोनच्या ब्लूटूथवरून. खोक्यावर मात्र तिघांचीही आज्ञांची यादीच मोठ्या अक्षरांत छापलेली असते: गेन, फ्रिक्वेन्सी, पॉवर, स्लीप, लॉक. विकत घेताना ती यादी बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा असं आमचं स्पष्ट मत आहे. ट्रान्समीटर उलट उत्तर देतो का? आज्ञा पाठवणं सोपं आहे. ती पोहोचली, ओळखली गेली आणि अमलात आली, हे कार्टवर (साऊंडच्या सामानाच्या गाड्यावर) बसलेल्या माणसाला कसं कळतं, यावर त्या प्रणालीची किंमत ठरते.

टोनचा रिमोट

वायरलेस माइक बनवणाऱ्या लेक्ट्रोसॉनिक्सने हा मार्ग रुळवला. त्यांच्या एसएम आणि एलटी मालिकेतले ट्रान्समीटर स्वतःच्याच माइकमधून येणारे ठरावीक टोन ओळखतात. हे टोन म्हणजे किलबिलीसारखा छोटा आवाज. सेटवर त्याला ‘ड्वीडल’ म्हणतात. टोन वाजवायला आरएम नावाचं हातात मावणारं यंत्र होतं. सप्टेंबर २०११ मध्ये न्यू एंडियन कंपनीचं लेक्ट्रोआरएम अ‍ॅप आलं आणि तेच काम फोनवर होऊ लागलं. अ‍ॅप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालतं.

अ‍ॅपची मांडणी सेटवर काम करणाऱ्याने विचार करून केली आहे, हे वापरताना जाणवतं. आयफोनवर पडदा मुद्दाम उलटा दिसतो, कारण स्पीकर फोनच्या तळाशी असतो. फोन उलटा धरला की स्पीकर कलाकाराच्या छातीकडे जातो आणि अक्षरं तुमच्याकडे सरळ राहतात. ज्यांना हे नको त्यांना सेटिंगमध्ये बदलता येतं. चुकून टोन वाजू नये म्हणून आयफोनवर आधी एक खटका चालू करावा लागतो, तेव्हा बटण दिसतं. अँड्रॉइडवर बटण दाबून धरावं लागतं. ऑडिओ पातळी, फ्रिक्वेन्सी, स्लीप आणि लॉक या चार आज्ञांवर रोजचं काम निभावतं.

वापरण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात, त्याही ट्रान्समीटर कपड्यांत जाण्यापूर्वी. मेनूत रिमोट चालू आहे का, आणि फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) टोन ओळखण्याइतकं नवं आहे का. रिमोट बंद ठेवून कपड्यांत गेलेला ट्रान्समीटर दिवसभर काही ऐकत नाही. सेटवर टोन ‘चालत नाही’ अशी तक्रार आली की पहिला संशय इथेच घ्यावा.

मग फोन. सायलेंटवर नाही ना, ब्लूटूथ हेडफोनला जोडलेला नाही ना, एवढं बघा. हेडफोन जोडलेला असला की टोन तुमच्याच कानात वाजतो आणि ट्रान्समीटरला पत्ता लागत नाही. फोनमधला आवाज वाढवणारा किंवा रंगवणारा इक्वलायझर बंद करा. आवाज पूर्ण चढवण्याचा मोहही टाळा. फोनचा इवलासा स्पीकर पूर्ण आवाजावर फाटतो आणि विकृत टोन ओळखला जात नाही. आवाज मध्यम ठेवून स्पीकर माइकपासून हातभराच्या आत न्यावा. लेपल जाड कापडाच्या दोन थरांखाली असेल तर आणखी जवळ. आजूबाजूला जनरेटर किंवा गर्दीचा गोंगाट असेल तर फोनभोवती तळहाताची ओंजळ करावी.

आता या पद्धतीची खरी मर्यादा. टोनला पत्ता नसतो. जो ट्रान्समीटर ऐकेल तो आज्ञा पाळेल. दोन कलाकार एका बाकावर खेटून बसले असतील आणि एकासाठी फ्रिक्वेन्सीचा टोन वाजवला, तर दोघांचेही ट्रान्समीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसू शकतात. मग रिसीव्हरवर दोघांची झटापट ऐकू येते आणि नेमकं काय बिघडलं ते समजायलाच वेळ जातो. म्हणून फ्रिक्वेन्सी बदलताना कलाकाराला दोन-तीन पावलं बाजूला घ्यावं, स्पीकर थेट त्याच्या माइकपाशी धरावा आणि आवाज लागेल तेवढाच ठेवावा. गेनचा टोन चुकून शेजारी गेला तर नुकसान कमी, पण तेही तपासावंच.

उत्तराच्या कसोटीवर टोन कमी पडतो, कारण ट्रान्समीटरकडून परत काही येत नाही. तरी कान लावला तर अर्धं उत्तर मिळतं. टोन वाजवताना तो रिसीव्हरवर स्वच्छ ऐकू आला, तर माइकपर्यंत पोहोचला हे नक्की. गेन बदलला की पार्श्वभूमीच्या आवाजाची पातळी चढते किंवा उतरते. फ्रिक्वेन्सी बदलली की रिसीव्हरचा आरएफ मीटर (रेडिओ सिग्नलची ताकद दाखवणारा) खाली पडतो. स्लीपमध्ये गेला की तसंच. लॉक लागला की नाही, हे मात्र कानाला कळत नाही. यासाठी दोन माणसं हवीत: एक फोन घेऊन कलाकाराजवळ, दुसरा कार्टवर हेडफोन लावून. एकट्याने करायचं तर रिसीव्हर पाठीवरच्या बॅगेत हवा.

आणि तरीही या जुन्या युक्तीबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. हवेत कितीही रेडिओची गर्दी असो, ज्या फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समीटर आहे तीच कुणी गिळून टाकलेली असो, टोन पोहोचतोच, कारण तो रेडिओवरून जातच नाही. कार्टवर आणखी एक अँटेना लागत नाही, ट्रान्समीटरमध्ये आणखी एक रेडिओ लागत नाही, बॅटरीवर भार पडत नाही. उलट बाजू अशी की माइकची केबल तुटली किंवा कनेक्टर सुटला की आवाजाबरोबर रिमोटही जातो. नेमकं त्याच वेळी ट्रान्समीटरला काहीतरी सांगायचं असतं.

२.४ गिगाहर्ट्‌झचा दुवा

इथे ट्रान्समीटरमध्ये दोन रेडिओ असतात. एक यूएचएफवर आवाज पाठवतो, दुसरा आज्ञा ऐकतो. झॅक्सकॉमचं झॅक्सनेट आणि शुअरचं शोलिंक हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. साऊंड डिव्हायसेसच्या ए२० मालिकेत हेच काम नेक्सलिंक करतं. ए२०-नेक्सस रिसीव्हरवरूनच ए२०-मिनी किंवा ए२०-टीएक्स हाताळता येतो.

झॅक्सनेटचं वेगळेपण असं की आज्ञेबरोबर त्याच दुव्यावरून टाइमकोडही (फाइली जुळवायची वेळेची खूण) जातो आणि आयएफबीचा, म्हणजे दिग्दर्शक वगैरेंच्या कानात जाणारा, आवाजही. ट्रान्समीटरच्या आत रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे. आतल्या कार्डावरची फाइल आणि कार्टवरची फाइल एकाच टाइमकोडवर राहते आणि रेकॉर्डिंग कार्टवरूनच सुरू करता येतं. सिग्नल तुटलेला संवाद नंतर कार्डावरून उचलायचा असेल, तर टाइमकोड जुळलेला असल्याने एडिट असिस्टंटचे तासन्‌तास वाचतात. मात्र पाठवणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच २.४ चॅनलवर हवेत आणि प्रत्येक ट्रान्समीटरचा युनिट कोड वेगळा हवा. दोन पॅकना (म्हणजे ट्रान्समीटरना) एकच कोड राहून गेला की टोनचाच गोंधळ इथे रेडिओवर होतो, आणि तोही दुरून, म्हणजे डोळ्यांना न दिसता. सकाळी लेबल लावतानाच कोड लिहून टाका.

शोलिंक दुतर्फा आहे, आणि आमच्या कसोटीवर ते सरळ वरच्या पायरीवर बसतं. आयईईई ८०२.१५.४ या मानकावर ते चालतं. एडीएक्स मालिकेचे ट्रान्समीटर एडी६१० या अ‍ॅक्सेस पॉइंटशी बोलतात आणि एडीएक्स५डी या छोट्या रिसीव्हरमध्ये तर शोलिंक आतच आहे, म्हणजे बॅगेतून काम करणाऱ्यालाही ते मिळतं. दुवा जिवंत आहे की नाही ते पडद्यावर दिसतं, म्हणून आज्ञा देण्याआधीच कळतं की ती जाईल का. दुवा तुटला तरी आवाज चालूच राहतो आणि ट्रान्समीटर शेवटच्या सेटिंगवर राहतो. या रचनेत व्यत्यय आला की फ्रिक्वेन्सी आपोआप बदलण्याची सोयही आहे. मंचावरच्या कार्यक्रमाला ती वरदान आहे. चित्रीकरणात मात्र ती आपोआप न ठेवता ‘आधी विचारा’ यावर ठेवा. चालू टेकच्या मध्ये फ्रिक्वेन्सी कधी बदलायची, की पुढच्या कटपर्यंत थांबायचं, हा निर्णय रेकॉर्डिस्टचाच असावा.

पल्ल्याबद्दल जाहिरातीत जे लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. सेटवर काय होतं ते साध्या गणिताने कळतं. ६०० मेगाहर्ट्‌झच्या तुलनेत २.४ गिगाहर्ट्‌झची फ्रिक्वेन्सी चौपट आहे, म्हणून तेवढ्याच पॉवरवर आणि तशाच अँटेनांवर तोटा १२ डीबी जास्त होतो. त्यात शरीर आलं. २.४ ची लाट सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, आणि पाण्याने भरलेलं माणसाचं अंग तिला अडवण्यात पटाईत. मांडीच्या आतल्या बाजूला बांधलेला पॅक, त्यावर कलाकार खुर्चीत बसलेला, म्हणजे आवाज स्वच्छ येतोय पण रिमोट मेलाय, असं चित्र हमखास दिसतं. दोष यंत्रात नसतो, जागेत असतो. पॅक अंगाच्या कॅमेऱ्याकडच्या नव्हे तर कार्टकडच्या बाजूला बांधता आला तर बांधा, आणि कातडी व पॅक यांच्यात कापडाचा जाड थर ठेवा. घामाने भिजलेला पट्टा सर्वांत वाईट.

कार्टवरची २.४ ची अँटेना धातूच्या फळीखाली, ड्रॉवरमध्ये किंवा मॉनिटरच्या मागे लपवलेली असते, आणि मग पल्ला कमी म्हणून कंपनीला दोष दिला जातो. ती स्टँडवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर, मोकळी हवी. लांब कोअक्स (अँटेनाची केबल) लावून अँटेना दूर नेण्यापेक्षा अ‍ॅक्सेस पॉइंटच सेटजवळ नेणं चांगलं. पातळ कोअक्स २.४ वर फार सिग्नल खाते, तर एडी६१० ला एका नेटवर्क केबलवरूनच वीज आणि डेटा दोन्ही मिळतात.

आता गर्दी. वाय-फाय, फोकस पुलरचा (फोकस सांभाळणाऱ्या कॅमेरा असिस्टंटचा) वायरलेस, लायटिंगचा वायरलेस डीएमएक्स (दिव्यांना आज्ञा देणारा), सगळ्यांचे फोन, हे सगळे याच पट्ट्यात दाटीवाटीने राहतात. वाय-फाय बहुधा १, ६ आणि ११ या चॅनलवर असतं, म्हणजे साधारण २४०१ ते २४२३, २४२६ ते २४४८ आणि २४५१ ते २४७३ मेगाहर्ट्‌झ. मधल्या फटी २४२५, २४५० आणि २४७५ जवळ सापडतात. ८०२.१५.४ च्या भाषेत ही १५, २० आणि २५ क्रमांकाची चॅनल. २६ वं २४८० वर, सगळ्यांच्या पलीकडे. झॅक्सनेट २.४०३ ते २.४७५ गिगाहर्ट्‌झमध्ये हलवता येतं, तेव्हा या फटींत बसवून बघा. आणि कॅमेरा असिस्टंटशी आधी बोला. त्याच्या फोकस मोटरचा चॅनल तुमच्या दुव्यावर पडला तर तुमचं फक्त रिमोट जातं, पण तुमचा त्याच्यावर पडला तर शॉट सॉफ्ट होतो, म्हणजे फोकस सुटतो.

फोनचं ब्लूटूथ

साऊंड डिव्हायसेसची ए१० आणि ए२० मालिका फोनवरच्या अ‍ॅपने हाताळता येते, डीटीचा थिओस संच सायडस ऑडिओ अ‍ॅपने. उत्तर मिळतं, बॅटरी दिसते, सगळं एका पडद्यावर असतं. पल्ला मात्र खोलीएवढा, आणि मध्ये दोन माणसं उभी राहिली की तेवढाही नाही. एका कलाकाराच्या मुलाखतीला उत्तम. वीस पॅकच्या लग्नप्रसंगाला नाही, कारण पॅकशी जोडणी होईपर्यंत रोल म्हटलेलं असतं. शूटिंग सुरू असताना अ‍ॅप आपोआप अपडेट होऊ देऊ नका, आणि सोय असेल तिथे पासवर्ड लावाच.

कोणती आज्ञा खरोखर लागते

गेनसाठी म्हणून रिमोट घेणारे बरेच असतात, आणि लेक्ट्रोच्या एसएमसारख्या पॅकला ते योग्यही आहे. तिथे गेन एकेका डीबीने बसवायचा असतो. लिमिटर (फार मोठा आवाज दाबणारा) ३० डीबीपर्यंत सांभाळून घेतो, पण कुजबुजीला बसवलेला गेन किंकाळीच्या शॉटला ठेवला तर आवाज लिमिटरवरच टेकून राहतो आणि ते ऐकू येतं. इथे एक गोष्ट विसरली जाते. पॅकवर ६ डीबी उतरवले तर मिक्सरवर तेवढेच चढवा आणि साऊंड रिपोर्टमध्ये लिहा, नाहीतर एकाच सीनच्या दोन शॉटमध्ये पातळीची पायरी पडते.

ए२० मालिकेत गेनफॉरवर्ड आहे. पॅकवर गेन लावायचाच नसतो, रिसीव्हरच्या बाजूला मिक्सरवर ट्रिम फिरवायची. ए२०-मिनी आत ३२-बिट फ्लोटमध्ये (ज्यात मोठा आवाजही सहसा फाटत नाही) रेकॉर्डही करतो. झॅक्सकॉमचं नेव्हरक्लिपही आवाज फाटण्याच्या याच काळजीवरचा उपाय. म्हणजे अशा संचात रिमोटचं पहिलं कारणच उरत नाही. तरी रिमोट हवाच, कारण फ्रिक्वेन्सी आणि स्लीप.

स्लीपबद्दल जरा थांबून बोलायला हवं. स्लीप म्हणजे आरएफ बंद, पण आज्ञा ऐकायला पॅक जागा. जेवणाच्या सुट्टीत, लायटिंगच्या लांब वेळेत बॅटरी वाचते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कलाकार सेटवरून बाहेर पडला की त्याचं खासगी बोलणं कुणाच्या हेडफोनमध्ये जात नाही. हे काम कार्टवरून एका बटणाने होत असेल तर ते रोज होतं. त्यासाठी फोन घेऊन मागे धावावं लागत असेल तर होत नाही. टोनवाल्या संचात निदान मिक्सरवरून त्या ट्रॅकची हेडफोनवाट बंद करायची शिस्त ठेवा. आणि झोपवलेल्या पॅकची यादी डोळ्यांसमोर चिकटवा, कारण पूर्ण बंद केलेल्या पॅकला कोणताच रिमोट उठवू शकत नाही, आणि झोपलेल्या पॅकला उठवायला पुन्हा आज्ञाच लागते.

पॉवर वाढवणं हा अनेकांचा पहिला उपाय. ५० वरून १०० मिलीवॉट म्हणजे ३ डीबी, ५० वरून २५० म्हणजे ७ डीबी. रिसीव्हरची अँटेना निम्म्या अंतरावर नेली की ६ डीबी मिळतात, तेही बॅटरी न जाळता आणि शेजारच्या पॅकशी इंटरमॉड (फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळून होणारा व्यत्यय) न वाढवता. रिमोटवर पॉवरचं बटण असलं तरी आधी स्टँड उचला.

फ्रिक्वेन्सी बदलण्याचा क्रम

पर्यायी फ्रिक्वेन्सी सकाळीच ठरवून ठेवाव्यात, आणि सर्व पॅक चालू असताना तपासलेल्या असाव्यात. मोकळी दिसणारी जागा पुरेशी नाही. दोन पॅकच्या फ्रिक्वेन्सीतून तिसरी, म्हणजे एकीच्या दुपटीतून दुसरी वजा केल्यावर येणारी, नेमकी तिथेच पडू शकते. एक बदलली की बाकीच्यांचा ताळमेळही बदलतो.

प्रत्यक्ष वेळ आली की आधी मिक्सरवर तो ट्रॅक म्यूट करा, नाहीतर रिसीव्हरचा खरखराट दिग्दर्शकाच्या कानात जाईल. टोनवाल्या संचात मग टोन वाजवा, जुन्या फ्रिक्वेन्सीवर आरएफ मीटर पडतो का ते बघा, पडला तरच रिसीव्हर नव्यावर न्या. पडला नाही तर पॅक अजून तिथेच आहे, रिसीव्हर हलवू नका. पॅक कोणत्या ब्लॉकचा (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा) आहे ते अ‍ॅपमध्ये बरोबर निवडलेलं असावं. लेक्ट्रोचा पारंपरिक ब्लॉक २५.६ मेगाहर्ट्‌झचा, १०० किलोहर्ट्‌झच्या २५६ पायऱ्यांचा, आणि दोन हेक्स (० ते एफ) अंकांनी पायरी ठरते. ब्लॉक चुकला तर तोच कोड वेगळ्याच मेगाहर्ट्‌झवर जातो आणि पॅक हरवल्यासारखा वाटतो.

दुतर्फा संचात ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोघांनाही एकाच पडद्यावरून हलवता येतं. तरीही नव्या फ्रिक्वेन्सीवर आवाज आला, एवढ्यावर समाधान मानू नका. बॅटरीचा आकडा आणि पॅकचं नाव त्याच कलाकाराचं आहे का ते वाचा, मग म्यूट काढा.

कुणी काय घ्यावं

लेक्ट्रोचे पॅक आधीच असतील तर ते विकून नवा संच घेण्याचं कारण केवळ रिमोट असू नये. अ‍ॅप घ्या, असिस्टंटला शिकवा, एवढ्याने पुष्कळ काम भागतं. कार्टवरून आठ-दहा पॅक सांभाळणाऱ्याने, विशेषतः जड कॉश्च्युमच्या कामात, दुतर्फा दुव्याचा संचच घ्यावा, शोलिंक किंवा नेक्सलिंक. पॅकमध्ये रेकॉर्डिंग हेच ज्यांचं मुख्य संरक्षण आहे, गाड्यांमधले सीन, लांबून टेलिफोटोवर घेतलेले शॉट, त्यांना झॅक्सनेटसारखा टाइमकोड वाहणारा दुवा जास्त उपयोगी. बॅगेवर दोन पॅक घेऊन फिरणाऱ्याला ब्लूटूथ पुरतं.

घेण्याआधी भाड्याने आणून एक चाचणी कराच. पॅक कलाकाराला बांधतात तसा अंगावर बांधा, वर शर्ट आणि कोट चढवा, आणि कार्टपासून पाठ करून चालत जा. दर पाच पावलांवर गेन एकदा वर, एकदा खाली करा. आवाज कुठे तुटला आणि आज्ञा कुठे थांबली, दोन्ही पावलांवर जमिनीला टेप लावा. टोनवाल्या संचात दुसरी टेप लागतच नाही, फोन घेऊन जवळ जावंच लागतं. बाकीच्यांत त्या दोन टेपांमधलं अंतर जितकं कमी, तितका तो संच तुमच्या कामाचा.